घंटांचं दार

मधूने भागीरथीच्या हातातली वही ओढून भिंतीवर भिरकावली! रविवारची दुपार, बेलवलीतली ती एवढीशी खोली, आणि आईबापामागे जिने पोटच्या पोरासारखं वाढवलं त्या ताईवर धाकटा भाऊ खेकसत होता... कशावरून, तर कम्प्युटरवरच्या खेळावरून!

खेळ तरी कसला? निर्मनुष्य बेट, धुक्यातलं ओसाड घर, आणि घर सोडून गेलेल्या बापाच्या अर्धवट चिठ्ठ्या. एक कोडं सुटलं की एक दार उघडायचं आणि कहाणी पुढे सरकायची. मधू कॉलेज सांभाळून उल्हासनगरच्या एका दुकानात कम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकत होता, तिथल्याच जुन्या भागांतून त्याने कम्प्युटर जोडला होता. माऊस त्याच्या हाती, खुणांची वही ताईच्या. आठवडाभर अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर उभ्या राहणाऱ्या त्या माउलीचा तेवढाच विरंगुळा. पण आता घंटांचं दार अडलं होतं. पडद्यावरचा काटा फिरेल तशा घंटा वाजायच्या; मधूने काटा सांभाळायचा आणि ताईने घंटेचा आवाज जाड की बारीक ते ऐकून लिहायचं. तीन रविवार तिचं चुकतच होतं.

"तुझं लक्षच नसतं ताई. माझ्या कशातच नसतं."

भागीरथीने वही उचलली आणि खेळ परत लाव म्हणाली. मधू रागारागाने खुर्चीवर बसला, त्यात पाय अडकून स्पीकरची वायर निघाली. काटा फिरू लागला, पण घंटा वाजेचनात. थांब, असं सांगायला तो वळला... आणि वळलेलाच राहिला. ताई मान तिरपी करून, जीव ओतून लिहीत होती. जाड, बारीक, बारीक, जाड...

त्याने पाठमोरं होऊन हाक मारली. दोनदा मारली. तिचं लिहिणं चालूच होतं.

प्रेसच्या खडखडाटात बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याच विद्येवर ताई घरातही निभावत होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता!

त्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला, तशी ती वेडी उलट त्याचीच समजूत घालू लागली. मुकादमाला कळलं असतं तर काढून टाकलं असतं, आणि तुझं तर शेवटचं वर्ष... मधू हमसून रडला. उद्यापासून तू जायचं नाहीस, मी कॉलेज सोडतो, म्हणाला.

"मग माझे कान फुकट गेले म्हणायचे," ती शांतपणे म्हणाली.

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. मग मान वर करून, ओठ सावकाश हलवत त्याने विचारलं, "माझा आवाज शेवटचा नीट कधी ऐकलास?"

"दहावी पास झालास तेव्हा. जिन्यातूनच ओरडत आला होतास." तिने त्याचे डोळे पुसले. "तेव्हा नुकता फुटत होता रे तो... आता कसा झालाय?"