हिबारीचा डावा हात

काचेवरची धूळ कोनात्सुने बाहीने पुसली, डोळ्यांभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला, नाक काचेला टेकवलं... आणि आतून दोन डोळे उघडले.

ती किंचाळली. आतला माणूसही किंचाळला. तो तिच्यापेक्षा बराच मोठ्याने किंचाळला, आणि हे पुढे कितीतरी दिवस त्याला ऐकावं लागणार होतं. दचकून उठताना त्याचं डोकं छताला आपटलं, टपावर चढलेल्या वेलीतलं पावसाचं पाणी भसकन कोनात्सुच्या मानेवर सांडलं, आणि ती मागच्या मागे ओल्या गवतात बसली.

"चोर!" आतून आवाज आला.

"चोर काच पुसून देतात का हो?" ती बसल्या जागेवरूनच म्हणाली.

दार कुरकुरत उघडलं. एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण डोकं चोळत बाहेर आला. अंगात शेतावरचा निळा सदरा, गालावर सीटच्या वेताची नक्षी उमटलेली.

"मग कोण तुम्ही?"

"मी... गाडी बघायला आले होते."

"कुठली गाडी?"

"ही!"

त्याने वळून गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. गाडीपेक्षा या बाईचीच तपासणी करायला हवी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"ही हिबारी आहे," कोनात्सु उठत म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क कापला. "हिबारी सातशे. इवाने मोटरची. कळतंय का तुम्हाला, तुम्ही कशात झोपला होता ते?"

"बाबांच्या गाडीत," तो म्हणाला. "पाऊस आला म्हणून झोपलो."

हिबारी म्हणजे चंडोल. कुणा इवाने नावाच्या माणसाने मोठ्या हौसेने ही गाडी काढली, मूठभर बनवल्या, आणि कारखान्याला टाळं लागलं. तिचं नाव आज कुणाला सांगितलं तर तो पक्ष्याबद्दलच बोलायला लागेल. पण कोनात्सु सेगावासारखी थोडी वेडी माणसं असतात. आठवडाभर ती नागोयातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि रविवारी गावोगाव हिंडून शेतात, बांधावर, बांबूच्या बनात विसरलेल्या गाड्या शोधायची. या मंडळींत अशा गाड्यांना 'गवतातले हिरो' म्हणतात. त्यांचे नियमही कडक. आधी घरी जाऊन विचारायचं, येताना मिठाईचा डबा आणायचा, आणि जागा कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही. कोनात्सुने आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता पाऊल टाकलं होतं. घरी कुणी नव्हतं आणि बागेच्या टोकाला ते गोल, बावळट दिवे दिसले होते... मग कसला नियम नि कसलं काय!

"घरी हाक मारली होती मी," ती ओशाळून म्हणाली. "मिठाईसुद्धा आणलीय."

"कसली?"

"चेस्टनटची."

"मग तुम्ही चोर नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "मी कोहेई मुरोता. या, चहा घ्या. आणि... मी ओरडलो ते आईला सांगू नका."

इना खोऱ्यात तेव्हा काकी नावाची नारिंगी फळं सोलून वाळवायचे दिवस होते. कोहेईच्या घराच्या वळचणीला सोललेल्या फळांच्या माळा दाटीने लटकत होत्या. त्यांखाली बसून एव्हाना घरी परतलेल्या कोहेईच्या आईने, फुसाएने, या अनोळखी मुलीची सगळी माहिती काढून घेतली. गाव कोणतं, काम काय, लग्न झालंय का, नसेल तर का नाही. कोहेईचे कान लाल झाले.

"आई, त्या गाडी बघायला आल्यात."

"अरे, गाडी बघायला आली म्हणून काय झालं? डोळे तिचे, ती कुठेही बघेल," फुसाए म्हणाली, आणि कोनात्सुच्या घशात चहा अडकला.

गाडी कोहेईच्या वडिलांची. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. विकायची नाही, मोडीत घालायची नाही, दुरुस्त करायचं धाडस नाही... कोहेई नुसता तिच्यात जाऊन बसायचा. कोनात्सुने ते ऐकलं आणि तिला भरूनच आलं. "चालू करू या का आपण तिला?" हे शब्द तिच्या तोंडून निघाले तेव्हा तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. आपण? ओळख होऊन तासही झाला नव्हता!

मग रविवार तिथेच जायला लागले. नागोयाहून सकाळची बस, बसथांब्यावर उभा असलेला कोहेई, खाली चिखल नि वर धुकं. गाडीवरच्या वेली सोडवून ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आणली. इंजिन उघडलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. कोनात्सु पुन्हा किंचाळली.

"आता बरोबरी झाली," कोहेई शांतपणे म्हणाला.

"कसली? तुमची किंकाळी पार डोंगरापर्यंत गेली होती!"

हिबारीची एक गंमत होती. वळायचं झालं की दाराशेजारच्या फटीतून दिशा दाखवणारा नारिंगी रंगाचा वीतभर हात खट्कन बाहेर येई. उजवा हात फेब्रुवारीत चालू झाला. शेडच्या अंधारात तो खट्कन उघडला नि उजळला तेव्हा दोघंही टाळ्या पिटत नाचली. नाचता नाचता एकमेकांचे हात हातात आलेत हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि मग... मग दोघांनीही घाईघाईने पाने शोधायला सुरुवात केली. पाने समोरच पडले होते.

डावा हात मात्र गायब होता. शेड पालथी घातली, बाग धुंडाळली. तो नाही तो नाहीच. मे उजाडला. काकीच्या झाडांना पोपटी पालवी आली. इंजिन सुरेल चालायला लागलं, ब्रेक लागायला लागले. उरला एवढा एक हात.

तेव्हा एका रविवारी कोहेई मान खाली घालून म्हणाला, "सेगावा-सान, गाडी पूर्ण झाली की... ती तुमची."

"काय?"

"तुमच्या नावावर करतो. तुम्हीच तर जिवंत केलीत तिला."

कोनात्सु सुन्न झाली. वर्षानुवर्षं जिचा ध्यास घेतला ती गाडी पदरात पडत होती, आणि तिला रडू यायला लागलं होतं. गाडी मिळाली म्हणजे इथे यायचं कारणच संपलं! सकाळची ती बस, बसथांब्यावरची ती उंच आकृती, फुसाएकाकूंचे खोचक प्रश्न... सगळं संपलं. गेल्या महिन्यात दाराचं रबर मुद्दाम चुकीच्या मापाचं मागवून तिने दोन रविवार लांबवले होते, ते काही गाडीसाठी नव्हतं. पण हे त्याला सांगणार कसं?

"मी चौथ्या मजल्यावर राहते," ती कशीबशी म्हणाली. "उभी कुठे करू? जागा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही."

"जागेचं मी बघतो," तो म्हणाला आणि उगीचच एक स्क्रू पुसत बसला.

पुढच्या खेपेला ती शनिवारीच आली, न कळवता. कोहेई शेडमध्ये होता. फुसाए स्वयंपाकघरात नूडल्स उकळत होती. "पोरी, तेवढ्या काड्या काढ गं खणातून," ती म्हणाली.

कोनात्सुने खण ओढला. जेवणाच्या काड्या, चमचे, पळ्या... आणि त्यांच्या मधोमध, मऊ फडक्यात गुंडाळलेला, लख्ख पुसलेला नारिंगी हात.

हिबारीचा डावा हात!

"काकू... हे काय आहे?"

"ते होय? कोहेईने ठेवलंय. हिवाळ्यातच. हलवू नकोस म्हणालाय." फुसाएने मागे वळून तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला. "का गं? काय झालं?"

हिवाळ्यातच! म्हणजे ती गोठलेल्या बोटांनी बागेतला पाला उपसत होती, तेव्हा हा चमच्यांच्या खणात होता. आणि तो शेजारी उभा राहून 'तिकडेही बघू या' म्हणत होता! कोनात्सुचं डोकं तापलं. द्यायची नव्हती गाडी तर सरळ सांगायचं. बाबांची गाडी आहे, नसेल सोडवत, ती काय समजून घेतली नसती? तोंडाने 'तुमची' म्हणायचं आणि हात लपवून ठेवायचा... तिने तो हात उचलला आणि ताडताड शेडकडे निघाली.

शेडमध्ये कोहेई एकटा नव्हता. गावच्या पोलीस चौकीतले कुबोता-सान गाडीच्या जागेची तपासणी करायला आले होते आणि वाकून मापाची फीत जमिनीवर पसरत होते. पोटामुळे त्यांना वाकणं जड जात होतं, पण उत्साह दांडगा होता.

"या या, तुम्हीच का सेगावा-सान?" त्यांनी वर पाहिलं. "जागा झकास आहे. गाडी आरामात मावते. फक्त एक विचारायचं होतं. मालकीणबाई तुम्ही. राहता कुठे?"

"नागोयात," कोनात्सु म्हणाली. तिचे डोळे कोहेईवर रोखलेले होते.

फीत सर्रकन गुंडाळली गेली. कुबोता-सानांच्या तोंडाचा आ झाला. "नागोया? अरे कोहेई! गाडीची जागा मालकाच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते! शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे हे. नागोया शंभराच्या वर आहे की रे!"

कोहेई पांढराफटक पडला. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? मग परवा चौकीत येऊन मला काय म्हणालास, मालकाचं घर शेडला लागूनच आहे म्हणून?"

"ते... होईल. असं मला... म्हणजे तसं झालं तर, असं वाटलं होतं."

"काय होईल?"

"त्यांचं घर. शेडला लागून."

कुबोता-सानांनी शेडला लागून असलेल्या एकुलत्या एक घराकडे पाहिलं. घराच्या दारात फुसाए हातात झारा घेऊन उभी होती. त्यांनी पुन्हा कोहेईकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातली फीत गळून पडली.

"कोहेई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "या बाईंना विचारलंयस का हे?"

"नाही... अजून."

"पोलिसाला आधी सांगितलंस?"

"जागेचं विचारायला आलो होतो मी," कोहेई ततपप करत म्हणाला. "जागा नियमात बसत नसती, तर विचारण्यात काय अर्थ होता?"

"अरे देवा!" दारातून फुसाए म्हणाली. "अगदी बापावर गेलाय!"

रागाने उचललेला तो नारिंगी हात कोनात्सुने तसाच पुढे धरलेला होता. कोहेईने तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"हा का लपवला?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला होता तेवढा कडक निघालाच नाही.

"हा बसला की गाडी पूर्ण झाली असती," तो डोळे न उघडता म्हणाला. "आणि तुम्ही गेला असता. मी दर रविवारी ठरवायचो, आज देतो, आज सांगतो... तुम्ही बसमधून उतरलात की सगळं विसरायचो. मला तुम्ही आवडता, कोनात्सु-सान. काचेला नाक टेकवून मला घाबरवलंत ना, तेव्हापासून."

त्याने तिला आडनावाऐवजी नावाने हाक मारली होती... पहिल्यांदाच. आणि तीही पोलिसासमोर!

आत नूडल्स उतू जात असल्याचा वास येत होता, पण फुसाए जागची हलत नव्हती.

"दाराचं रबर," शेवटी कोनात्सु म्हणाली. "चुकीच्या मापाचं आलं होतं, आठवतं?"

"हो. दुकानदाराची चूक."

"दुकानदाराची नाही."

कोहेईचे डोळे खाडकन उघडले.

तिने तो हात त्याच्या तळव्यावर ठेवला. "बसवा आधी. मग उत्तर देते."

हिबारीच्या जन्मात इतक्या वेंधळेपणाने कुणी स्क्रू बसवले नसतील. एक तर दोनदा खाली पडला. तो कुबोता-सानांनी गुडघ्यांवर बसून शोधून दिला.

कोनात्सु गाडीत बसली. इंजिन खोकललं, मग गुणगुणू लागलं. शेडमधून निघून बागेतल्या वाटेने हिबारी हळूहळू पुढे गेली. पोपटी पालवीतून झिरपलेली उन्हं तिच्या टपावरून सरकत होती. वाटेच्या टोकाला दोन फाटे होते. उजवा पुलावरून बसथांब्याकडे जाणारा, डावा वळसा घेऊन घराच्या अंगणात येणारा.

हिबारी फाट्यावर थांबली. आणि थांबूनच राहिली.

"बंद पडली की काय?" कुबोता-सान पुटपुटले.

"गप्प बसा हो!" फुसाए म्हणाली.

कोहेई टाचा उंचावून फाट्याकडे बघत राहिला.

खट्.

डाव्या दाराशेजारून नारिंगी हात बाहेर आला आणि उजळला. हिबारी वळली, आणि कोहेई धावत सुटला. अंगणात गाडीच्या आधी पोचायचं होतं त्याला.

"आता मोजायची गरज नाही," म्हणत कुबोता-सानांनी फीत खिशात टाकली. फुसाएला एकाएकी नूडल्स आठवल्या, आणि ती ओरडत आत पळाली.