खंडेनवमीला रेडिओ गप्प का होता

दसरा होऊन दोन आठवडे झाले असतील. नर्मदाबाई मेलेल्या बैलाची वेसण घेऊन पालमच्या ठाण्यात आली आणि तिनं ती अमीनसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

अमीनसाहेबांनी आधी चहाचा कप बाजूला घेतला.

"बैल मेला, साहेब. दुसरा मरायलाय. तोंडात फोडं, डोळ्याला धार, हगवण. बुळकांडी हाय."

"मग ढोराच्या डॉक्टरकडे जा, बाई. हे पोलीस ठाणं आहे."

"दसऱ्याला घेतलेली जोडी होती. इथल्या लोकांनी सांगितलं, आदल्या सांजेला रेडिओनं बजावलं होतं, बुळकांडी फिरायलीय, जनावर घेऊ नका. आमच्या बोरखडीतबी रेडिओ हाय. पर त्या सांजेला त्यो गप्प होता. त्याला कुणी गप्प केला, एवढं सांगा."

अमीनसाहेब ताठ झाले. बैल बाईचा होता, पण रेडिओ सरकारचा होता.

"जमादार!"

मुंजाजी जमादार आत आला. सरकारी यंत्र बंद पाडणाऱ्याला हुडकून काढायचा हुकूम त्याला मिळाला. बैलाबद्दल काही हुकूम नव्हता.

जमादार नर्मदाबाईबरोबर बोरखडीच्या वाटेला लागला. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. गोदावरीच्या अंगाला तिचं काळं रान, आणि ज्वारीची पेर तोंडावर आलेली.

"गाव म्हणतंय, रोग मीच आणला," ती मध्येच म्हणाली. "पाणवठा बंद केलाय. आज सांजेला चावडीत बसणार हायेत. मला गावाबाहेर काढायचं ठरवायलेत."

"काढू द्या की. पुरावा काय त्यांच्याकडं?"

"पुरावा हाय ना. मेलेला बैल."

जमादारानं हा पुरावा मनाशी तपासून पाहिला. भक्कम होता.

बोरखडीच्या चावडीत लाकडी पेटीत रेडिओ होता. शेजारी मोटारीच्या बॅटरीएवढी बॅटरी. रोज दिवेलागणीला औरंगाबादहून अर्धा तास शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा : कापसाचे भाव, हवापाणी, ढोरांचे रोग, आणि शेवटी एखादं भजन, म्हणजे भाव ऐकून बसलेला धक्का ओसरावा. लढाईमुळं बॅटऱ्या मिळत नव्हत्या. म्हणून कार्यक्रम संपला की पेटीला कुलूप. किल्ली मन्मथअप्पा दुकानदाराकडे. अप्पांच्या गळ्यात लिंगाची पेटी आणि करगोट्याला रेडिओची किल्ली. दोन्हींची ते सारखीच काळजी घेत.

जमादारानं खटका दाबला. रेडिओ खरखरला.

"हा तर चांगला चालतोय."

"चालतोयच की," अप्पा म्हणाले. "बिघडला कवा होता?"

"मग नवमीला का गप्प?"

"नवमीला?" अप्पांनी जमादाराकडे कीव करून पाहिलं. "अहो, खंडेनवमी! नांगर, कोयता, तराजू, समदी हत्यारं पुजून ठेवायची. त्या दिशी हत्याराला हात लावत न्हाईत. रेडिओबी पुजला. हार घातला, नारळ फोडला. मंग त्याला बोलायला कसं लावावं? पाप न्हाई का?"

जमादारानं पेटीकडे पाहिलं. वाळलेला झेंडूचा हार अजून खुंटीला होता.

"गेल्या दसऱ्याला रेडिओ होता का गावात?"

"होता की."

"तवाबी पुजला?"

अप्पांनी करगोट्याची किल्ली चाचपली. "न्हाई. गेल्या साली तर नवमीला भजन ऐकल्यालं आठवतंय."

"म्हणजे गेल्या साली तो हत्यार नव्हता. औंदा झाला. कुणी केला?"

"बन्सीधरशेठ म्हणले, तराजूला इसावा, मंग रेडिओला का न्हाई? मला पटलं."

जमादारालाही पटलं, पण वेगळ्या कारणानं. बन्सीधरशेठ कापसाचा व्यापारी. रेडिओ आल्यापासून गावाला रोजचा भाव कळायला लागला होता आणि शेठचा आवाज बसला होता.

शेठ गादीवर लोळत होते.

"शेठ, रेडिओ गप्प बसला तर तुमचा फायदा."

"मोठा फायदा," शेठ प्रामाणिकपणे म्हणाले. "मी तर रोज देवाला सांगतो, त्याला पटकी येऊ दे. पर नवमीला माझा काय फायदा, जमादार? नवमीला तराजूच बंद. तोळाभर कापूस घेतला न्हाई त्या दिशी. अन् दसऱ्यालाबी बाजार बंद."

जमादार जरा खट्टू झाला. इतका सोयीचा गुन्हेगार हातचा जात होता.

"मग पुजायची कल्पना तुमची कशी?"

"माझी कशाला? सकाळी पाटलाच्या घरून गडी हार-नारळ घेऊन आला. 'रेडिओचा हाय' म्हणला. मी आपलं तराजूचं बोललो. चार माणसांत गप्प बसवत न्हाई मला."

दिनकरराव पाटलांचं घर गावात सगळ्यात उंच. पाटील घरात नव्हते. त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी घोंगडं टाकायला सांगितलं आणि स्वतः दाराआड उभ्या राहिल्या. खांद्यावर नवी कोरी हिमरू शाल होती. ऊन कडक होतं, तरी होती.

"वहिनीसाहेब, रेडिओचा हार तुमी धाडला?"

"व्हय. हेच सांगून गेले होते. म्हणले, सरकारी चीज हाय, मान द्या. अन् पुजल्यावर हात लावू देऊ नका कुणाला."

"सांगून गेले? पाटील नवमीला गावात नव्हते?"

"अष्टमीलाच गेले होते. परभणीला. दसऱ्याला दुपारी आले. ही शाल तितलीच."

"छान हाय."

"गावात कुणाकडंच न्हाई," सुमनबाई म्हणाल्या, आणि उन्हातच शाल नीट केली.

तेवढ्यात पाटील आले. उंच, पांढरा फेटा, दोनदा खाकरून बोलायची सवय.

"या जमादार. क्हं, क्हं. रेडिओचं काय काढलंत? क्हं, क्हं. गावानं भक्ती केली. तो गुन्हा असेल तर आधी माझं नाव लिहा."

"छे, पाटील. बुळकांडीबद्दल तुमाला काय म्हाईत?"

"मला? काही नाही." ह्या वेळी ते खाकरले नाहीत. "त्या बाईनं रोग आणलाय, एवढं म्हाईत. सांजेला बघू."

जमादार नर्मदाबाईच्या रानात गेला. दुसरा बैल बाभळीखाली बसला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. जवळच कुंपणापलीकडे पाटलाचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा.

"जोडी कुणाकडनं घेतली?"

"सटवाजीकडनं. दलाल हाय. म्हणला, वालूरकडची जोडी, शेतकऱ्याला लई नड हाय म्हणून विकायलाय. नदरेत भरंल अशी होती. दोन गाया दिल्या मी तिच्या बदल्यात."

"वालूर लांब हाय. बैल नवखे असतील."

"नवखे कशाचे! पहिल्या दिशीच दावं तोडून थेट ह्या आखाड्यात. गव्हाणीला तोंड घालून उभे. दोनदा असं झालं. मी म्हणलं, जनावर शहाणं हाय, पाटलाची पेंड बघून गेलं."

जमादार कुंपण ओलांडून त्या गव्हाणीपाशी गेला. गव्हाण रिकामी होती. गोठ्यात चुन्याचा वास होता. फक्कीसुद्धा ताजी.

"पाटलाची जनावरं कुठं?"

"दोन मेली श्रावणात. साप चावला म्हणं. बाकीची कुठं हलवली, देव जाणे."

"दोन्हीला एकच साप?"

"पाटलाचा साप, जमादार. त्याला कोण इचारतंय?"

दिवेलागणीला चावडी भरली. नर्मदाबाईला पायरीखाली बसवलं होतं. दलाल सटवाजीलाही जमादारानं मुद्दाम आणवलं होतं. तो खांबाला टेकून, बैलाच्या दातासारखे आपले दात दाखवत होता. पाटील रेडिओशेजारी बाजेवर.

"गावानं काय ते ठरवावं," पाटील म्हणाले. "क्हं, क्हं. बाईला मुदत द्या हवी तर."

"ठरवायच्या आधी मला एक गंमत सांगू द्या," जमादार म्हणाला. "नवमीला तुमचा रेडिओ झोपला होता, पर पालमचा जागा होता. मी उशिरा पोचलो. कुणी शेतकरी बोलत होता, नाव माझं हुकलं. बोलला मात्र झकास. बुळकांडी कशी वळखायची, ढोर येगळं कसं बांधायचं, गोठ्यात चुना कसा टाकायचा. माणसाला ही होत न्हाई म्हणला, तवा मी निवांत चहा प्यायलो."

लोक हसले.

"एकच वाईट होतं. पालमचा रेडिओ खराब. दर वाक्याआधी दोनदा घरघर करायचा. मी अमीनसाहेबांनाबी म्हणलं, मेस्तरी बोलवा."

तो पाटलांकडे वळला.

"आज दुपारी कळलं, रेडिओ चांगला हाय. घरघर माणसाची होती. पाटील, तेच भाषण गावाला म्हणून दाखवा. सुरुवात मी करून देतो : 'शेतकरी बांधवांनो.'"



"काय बोलताय तुमी?" पाटील म्हणाले आणि सवयीनं दोनदा खाकरले.

मन्मथअप्पांनी हळूच रेडिओकडे पाहिलं, मग पाटलांकडे. जणू आवाज कुठल्या पेटीतून आला याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"परभणीला गेलेला माणूस बायकोला हिमरू शाल आणतो," जमादार म्हणाला. "आणंल बापडा. पर हिमरू विणतात औरंगाबादला, अन् रेडिओबी तिथनंच बोलतो. चला, तुमाला आठवत न्हाई तर मीच म्हणतो. 'माझी दोन ढोरं श्रावणात बुळकांडीनं दगावली. साप चावला म्हणून मी लपवलं न्हाई. त्यांच्यासंगट बांधल्याली जोडी मी लांब येगळी बांधलीय, अन् ती मी कुणाला इकणार न्हाई.' ह्या वाक्याला माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, पाटील."

"ती जोडी आता कुठं हाय?" खालून नर्मदाबाईनं विचारलं.



"ती वालूरची न्हाई," जमादार म्हणाला. "वालूरचा बैल दावं तोडला तर वालूरच्या वाटेला लागंल, पाटलाच्या गव्हाणीला कशाला? बैलाला घर ठाव होतं. गावाला मात्र जोडी ठाव नव्हती; नवी घेऊन आखाड्याच्या आतच ठेवलेली, अन् रोग आल्यावर लांब हलवलेली. ढोरांच्या खात्याचे साहेब आले, हे भाषणातच होतं. त्यांना पाटलांनी चुना दाखवला, येगळी बांधलेली जोडी दाखवली. साहेब खूश. म्हणले, रेडिओवर या. आता इथं अडचण. भाषण केलं तर गाव ऐकणार, अन् जोडी इकता येणार न्हाई. न्हाई केलं तर मान जाणार. दोन्ही हवं होतं. मंग भाषण करायचं औरंगाबादला, अन् गावात रेडिओला हार घालायचा."

"मी कशाला गाव बुडवीन?" पाटील म्हणाले.

"तुमी गावातले पहिले माणूस, ज्याचा आवाज रेडिओवर आला. पारावर बसून वरीसभर सांगितलं असतं कुणीबी. तुमी कुणाला बोललाच न्हाईत. मला तितंच शंका आली. लाज म्हणून गप्प बसणारे तुमी न्हाईत."

सटवाजी खांबामागे सरकत होता. दोघांनी धरला. त्यानं मार पडायच्या आधीच सांगून टाकलं : जोडी पाटलाचीच. पाटील म्हणाले होते, बैल मेले तर बाईच्या दावणीला मरतील. गायी पाटलाकडं गेल्या, त्याला नुसती दलाली.

पाटलांनी फेटा सारखा केला. "क्हं, क्हं. जनावर मरणारच होतं. मी म्हणलं, निदान पेरणी तरी होईल तिची."

बन्सीधरशेठना सुद्धा हे जड गेलं. भावात मारणं वेगळं, असं ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

बाईला गावाबाहेर काढायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. पाणवठा सुटला. पण पेरणीचं काय? पाटील म्हणाले, माझी दुसरी जोडी घेऊन जा. तेव्हा गावच आडवं आलं. रोग आलेल्या रानात महिनाभर ढोर घालायचं नाही, हे त्याच भाषणात होतं. भाषण खोट्या माणसाचं असलं तरी अक्षर न अक्षर खरं होतं.

"माणसाला होत न्हाई म्हणला ना ह्यो रोग?" नर्मदाबाई म्हणाली. "मंग माणसं जुपा तिफणीला. एका अंगाला पाटील, एका अंगाला सटवाजी."

हसावं की नाही, कुणाला कळेना. जमादारानं सांगितलं, कायद्यात याला मनाई दिसत नाही. पाटलांनी मान खाली घालून 'उद्या' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बांधावर दोन माणसं आली. खांद्यावर जू. पाटलाचे सालगडी होते.

"मालकांनी धाडलंय," त्यातला थोरला म्हणाला.

नर्मदाबाईनं त्यांना भाकरी दिली, पाणी दिलं. ती दोघं खाऊन उठली आणि गुमान जू उचलायला लागली, तेव्हा तिनं ते हातानं अडवलं.

"तुमी इकली का माझी जोडी?"

"न्हाई."

"मंग जावा घरी. मालकाला म्हणावं, जू त्याच्या मापाचं हाय."

मालक आला नाही. सटवाजी ठाण्यात होता. जमादारानं कागदावर लिहिलं : रेडिओ सुस्थितीत, मोडतोड नाही, तक्रार निकाली. अमीनसाहेबांनी सही केली आणि चहा मागवला. दुसरा बैल त्याच दुपारी गेला.

पुढच्या आठवड्यात, रान अजून तसंच पडून असताना, ती चावडीत येऊन पायरीवर बसली. रेडिओ म्हणाला, ज्वारीच्या पेरणीला हाच आठवडा उत्तम, शेतकरी बांधवांनी उशीर करू नये. मग म्हणाला, अनेक गावांना आवडलेले वक्ते, बोरखडीचे आदर्श शेतकरी दिनकरराव पाटील, उद्या पुन्हा बोलतील. विषय : बैल खरेदी करताना घ्यायची काळजी.

मन्मथअप्पांचा हात खटक्याकडे गेला.

"राहू द्या, अप्पा," नर्मदाबाई म्हणाली. "उद्याबी लावा. हार घालू नका. बैल कसा घ्यावा, ते ऐकून ठेवते."