‘परसदार’वरचे काका-काकू

“बा, आठ-दहा दिवस त्याच्यावर रुसा. पाणी तोडा, वळूनसुद्धा बघू नका. मग बघा कसा फुलतो.”

डहाणूच्या बाजारात, रोपांनी भरलेल्या टेम्पोपाशी उभा राहून एक उंचसा तरुण एका गुजराती आजींना समजावत होता. “फूल केम नथी आवतां?” मोगऱ्याला फुलं का येत नाहीत, ही आजींची तक्रार आणि त्यावरचं हे उत्तर. मागून भाजीची पिशवी घेऊन जाणारी श्रुतिका जागीच थबकली. मोगऱ्यावर रुसायला सांगणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, याची तिला खात्री होती. तो माणूस साठीचा होता... आणि तिने त्याला कधीही पाहिलेलं नव्हतं.

‘परसदार’ हा बागवेड्या मराठी माणसांचा इंटरनेटवरचा कट्टा. एके काळी तिथे काय झुंबड असायची! कढीपत्त्यावर कीड पडली म्हणून प्रश्न टाकावा आणि चहा होईपर्यंत चार गावांहून उत्तरं यावीत. भांडणंही तशीच. शेणखत किती घालावं यावरून दोन सभासदांनी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला होता. श्रुतिकाने २०१४ साली आईसाठी तिथे ‘प्रभा’ या नावाने खातं उघडून दिलं. आईच्या हाती स्मार्टफोन आला आणि ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निघून गेली. हळूहळू सगळेच गेले. तिकडे फोटो पटकन जातात म्हणे. जातात खरे, पण कुणी जीव ओतून लिहिलेलं उत्तर दुपारपर्यंत गुलाबांच्या ‘शुभ सकाळ’खाली गाडलं जातं, त्याचं काय? २०१८ उजाडलं तेव्हा ‘परसदार’वर शुकशुकाट होता. जुन्या धाग्यांखाली कुणीतरी ‘आहे का कोणी?’ असं विचारून गेलेलं असायचं, आणि त्याच्याखाली केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात.

नेमाने लिहिणारे दोघंच उरले होते, ‘वासुदेव’ आणि ‘प्रभा’. आईचं खातं आता श्रुतिकाच चालवायची, नाव मात्र तिने तसंच ठेवलं होतं. मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत इथून सुरू झालेला त्यांचा धागा दोन वर्षांत कुठल्या कुठे पोचला होता. विजा कडाडल्या की पांघरुणात शिरावंसं का वाटतं, माणसं झाडांशी बोलतात ती माणसांशी का बोलत नाहीत... असलं काहीबाही. ती त्यांना काका म्हणायची, ते तिला काकू. “काकू, गुडघ्यांना जपा,” असं त्यांनी लिहिलं की पंचविशीची श्रुतिका खुदकन हसायची. पण मनातलं सांगायला तिला दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

आजी कुंडी घेऊन गेल्या. श्रुतिका धीर करून पुढे झाली.

“वासुदेव... तुमचे कोण?”

“वडील. तलासरीला आमची रोपवाटिका आहे. मी रोशन. का?”

“त्यांना म्हणावं, सरावलीच्या प्रभाबाईंच्या मुलीने नमस्कार सांगितलाय.”

रोशनच्या हातातलं जास्वंदीचं रोप कललं, थोडी माती त्याच्या चपलेवर सांडली. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

“प्रभाकाकूंच्या? त्यांचे गुडघे कसे आहेत आता?”

“ठणठणीत.” श्रुतिकाला हसू आवरेना. काका घरात सगळं वाचून दाखवतात वाटतं.

“काकू कधी बोलल्या नाहीत,” तो म्हणाला.

“काय?”

“मुलगी आहे म्हणून.” आणि मग नजर चोरून घाईघाईने पुढे म्हणाला, “एवढी मोठी... म्हणजे, आहे म्हणून.”

श्रुतिका घरी आली ती कोथिंबीर विसरूनच.

संध्याकाळी ‘परसदार’वर काकांचा मजकूर हजर. आज तुमची मुलगी आमच्या रोशनला भेटली, मोठी गोड आहे म्हणत होता. श्रुतिकाचे कान तापले. मग तिने, काकूंना शोभेल अशा संथपणे, कळवलं की मुलगी जरा तोंडाळ आहे, पण मनाची चांगली. काकांनी लिहिलं की आमचा रोशन कष्टाळू आहे, दिसायलाही बरा, फक्त बोलायला लाजतो. पुढचे दोन आठवडे झाडांचा विषय मागे पडला. मुलीला काय आवडतं, मुलाला राग कधी येतो, मुलगी सिनेमा बघून रडते का... दोन वडीलधारी माणसं आपल्या पोरांचं इतकं कौतुक करत होती की विचारायची सोय नाही. आणि दर बाजाराच्या दिवशी श्रुतिकाला एखादं रोप लागायचंच. गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग एके दिवशी पानाच्या माथ्यावर सूचना झळकली. महिनाअखेर ‘परसदार’ बंद होत आहे, आजवरच्या लेखनाबद्दल सर्वांचे आभार. श्रुतिकाला फार वाईट वाटलं. आपलं माहेर कुणी विकायला काढावं तसं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी भीती होती. बंद व्हायच्या आत खरं सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं कसं? आईच्या नावाआडून आपलीच तारीफ करणारी पोर, असं काकांनी रोशनला सांगितलं तर? काका जातील आणि रोशनही जाईल. तिने चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. तेवढ्यात काकांचाच निरोप उमटला. रविवारी सकाळी रोशन तुमच्या घरी येतोय, त्याला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय.

रविवारी आईला वाणगावच्या मावशीकडे धाडायचा श्रुतिकाने आटोकाट प्रयत्न केला. मावशीला बरं नाही, असंही ठोकून दिलं. आईने तिच्यादेखत मावशीला फोन लावला. मावशी पापड लाटत होती.

मोटारसायकल दाराशी थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला रोशन आत आला आणि काही कळायच्या आत आईच्या पायाशी वाकला.

“काकू, माफ करा मला. मी वासुदेव.”

आई दोन पावलं मागे सरली. श्रुतिकाने स्वयंपाकघराचं दार घट्ट धरलं.

“म्हणजे वासुदेव माझे बाबा,” तो एका दमात सांगू लागला. “पण तिकडे लिहिणारा मी. बाबा कधीच व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. एकदा सहज उघडून बघितलं तर तुमचा मोगऱ्याचा प्रश्न तसाच पडलेला, कोणी उत्तर नाय दिलेलं. मी दिलं, बाबांच्या खात्यातून. तुम्ही काका म्हणालात... मग मला सांगवेना. आता ते बंद होतंय. तुमच्या मुलीबद्दल काही विचारायच्या आधी हे सांगायला पाहिजे होतं. खोट्यावर कशाला सुरुवात करायची.”

“बाळा,” आई शांतपणे म्हणाली, “मला मोगऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या साइटवर मी गेले नाही त्याला तीन वर्षं झाली. ते सगळं ही बघते.” तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि बऱ्याच गोष्टी एकदम कळल्यासारखी मान हलवली. “मी चहा टाकते. बसा दोघं.”

आई आत गेली. श्रुतिकाला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल.

“‘मुलगी तोंडाळ आहे, पण मनाची चांगली’... हे तुम्ही लिहिलंत?” रोशनने हळूच विचारलं.

“हो.” तिने मान वर केली. “आणि ‘दिसायलाही बरा’ हे?”

“मी.” त्याचे कान लाल झाले होते. “बाबा असं कधी म्हणणार नायत.”

दोघंही एकदम हसली, इतकी की आतून आईने काय झालं म्हणून विचारलं. हसता हसता श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. जिवाभावाचे काका आणि मनात भरलेला मुलगा, यांतलं एक तरी हातचं जाणार म्हणून ती रात्रभर तळमळली होती. ते दोघेही समोरच्या खुर्चीत एकत्र बसले होते. तिला इतका आनंद झाला की हातांचं काय करावं कळेना.

“म्हणजे विजांना घाबरणाऱ्या तुम्हीच,” तो म्हणाला. “मी समजत होतो काकू.”

“गुडघे मात्र माझे नव्हते.”

“दोन वर्षं मी वाट बघायचो. रोपवाटिका बंद करून आधी ते पान उघडायचो. वाटायचं, एवढं छान माणूस माझ्या वयाचं का नाही...” तो अडखळला, मग सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, “मला तुम्ही खूप आवडता. काकू म्हणून आवडत होताच. आता...” आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. “नाव काय तुमचं?”

श्रुतिका बघतच राहिली. खरंच की. काकूंनी लेकीचे एवढे गोडवे गायले, पण स्वतःचं नाव लिहायला तिचा हात कधी धजावला नव्हता. बाजारातही त्याने तिला ‘प्रभाकाकूंची मुलगी’ म्हणूनच ओळखलं होतं.

“आधी नाव विचारतात,” ती म्हणाली, “मग आवडता म्हणतात.”

“चुकलं. विचारतो.”

“श्रुतिका.”

“श्रुतिका,” तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, सावकाश. आतून चहाचा वास येत होता, कपांचा आवाज येत होता, आणि आई यायला मुद्दाम उशीर लावत होती.

“मलाही,” श्रुतिका म्हणाली. “मलाही तुम्ही आवडता, रोशन.”