लाल येणारं, निळं जाणारं

दवाखान्याच्या जिन्यात त्याच्या हातातलं हृदय फुटलं, तेव्हा रांगेतले एक आजोबा सगळ्यांत आधी ओरडले, "अरे, रक्त!"

हृदय रबराचं होतं. दोन फुगे, चार नळ्या आणि आत लाल शाईचं पाणी. विज्ञानाच्या सरांनी ते शाळेच्या प्रदर्शनासाठी स्वतः बनवलं होतं. तपासणी आटोपून थेट शाळा गाठायची, म्हणून बरोबर आणलं. आणि सांडलं ते नेमकं हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या मुलीच्या पांढऱ्या कोटावर.

"सॉरी... शाई आहे हो, रक्त नाही."

"कळलं. रक्त असं मागे येत नाही," ती म्हणाली. "झडप उलटी बसवलीय तुम्ही."

सर मुलांसमोर कधी लाजले नव्हते. इथे कानापर्यंत लाल झाले.

दवाखान्यात तिला 'भिंत' म्हणत. त्याला कारण होतं. तपासणीच्या वेळी रोगी पडद्याकडे बघत नाही, तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तिची भुवई जरा वर गेली की माणूस जागच्या जागी अर्धा होतो. म्हणून वाईट दिसलं तर आठी नाही, आणि चांगलं दिसलं तरी हसू नाही. कारण आज एकाला हसून दाखवलं, तर उद्या जिला हसून दाखवणार नाही त्या बिचारीनं काय समजायचं? हिशोब चोख होता. चोख हिशोबाची माणसं बुडतात कुठे, ते मात्र मागाहून कळतं.

तो डाव्या कुशीवर निजला. थंडगार जेलीनं शहारला. पडद्यावर त्याचं हृदय उघडझाप करत होतं आणि आत लाल-निळे लोट धावत होते.

"निळं म्हणजे अशुद्ध रक्त ना? मी मुलांना तसंच शिकवतो."

"पुस्तकात. इथे रंग म्हणजे नुसती दिशा. माझ्या हातातल्या यंत्राकडे येतं ते लाल, दूर जातं ते निळं."

"म्हणजे मी सध्या लाल?"

"तुम्ही सध्या गप्प. बोललात की चित्र हलतं."

एका झडपेतून थोडं रक्त मागे गळत होतं. घाबरण्यासारखं नव्हतं, पण अधूनमधून बघत राहायला हवं होतं.

"काही आहे का?"

"डॉक्टर सांगतील," भिंत म्हणाली.

मग फुटकं हृदय दुरुस्त करायला सरांना मदत लागू लागली... वरचेवर. एवढ्या वेळात एखाद्यानं खरं हृदय घडवलं असतं! दवाखान्यामागच्या बाकावर चहाचे कप घेऊन ती शिकवायची, आणि एरवी शिकवणारा तो मुकाट शिकायचा.

"उजवी बाजू रक्त फुफ्फुसांपर्यंतच ढकलते, म्हणजे शेजारच्या घरी. डावीला ते सगळ्या अंगभर पोचवायचं असतं. म्हणून डावी भिंत जाड."

"मग तुम्ही डावीकडच्या!"

ती हसली. बाकावर ती हसायची; खोलीत नाही.

"आणि गंमत ऐका. हृदय एवढं रक्त पोटात खेळवतं, पण त्यातला घोट स्वतः घेत नाही. त्याचं खाणं वेगळ्या बारीक धमन्यांतून येतं, तेही बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात."

"तुम्ही कधी विसावता?"

तिनं कपात पाहिलं. कप रिकामा होता...

पुढच्या तपासणीला तो आला तेव्हा पडद्यावर ठोके धावत सुटले होते.

"लांबच्या एका शाळेनं बोलावलंय. उद्या कळवायचंय," तो कुशीवरूनच म्हणाला. "तुम्ही 'थांबा' म्हणालात तर... थांबेन."

त्याच क्षणी तिला दिसलं, गळती मुळीच वाढली नव्हती. एकाच वेळी दोन आनंद! आणि हातात यंत्र, समोर पडदा, कुशीवर रोगी... चेहरा सवयीनं मिटला. आतून ती उधाणली होती. बाहेर भिंतीवर चुन्याचा कोरा हात.

तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग जेली पुसून शर्टाची बटणं लावली.

"डॉक्टर सांगतील ना?" तो म्हणाला, आणि गेला.

आता तो पुन्हा विचारेल, म्हणून ती खोलीत थांबली. ती मागे येईल, म्हणून तो जिन्यात थांबला. हे दाराशी बसणाऱ्या मावशींनी सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी.

"तोंडात काय मूग धरले होतेस गं?" मावशी कडाडल्या. "केवढा वेळ कठडा धरून उभा होता!"

ती तडक शाळेत गेली. सरांनी सकाळीच होकार कळवला होता आणि ते गाडीत बसलेही होते. टेबलावर रबराचं हृदय होतं. झडप आता सरळ बसली होती.

पुढे कधीतरी तो तपासणीला आला. बरोबर बायको होती, चांगली, बोलकी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ताई, कसं आहे हो ह्यांचं?"

भिंतीनं तिच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत हसली. "छान आहे. गळती तेवढीच आहे, वाढलेली नाही. काळजी करू नका."

तो चमकून वळला. "तुम्ही इथे हसता?"

"आता हसते."

बायको बाहेर फाईल घ्यायला गेली. तो बटणं लावत होता; एक बटण काही केल्या लागेना.

"त्या दिवशी..." तो म्हणाला.

"त्या दिवशीसुद्धा," ती म्हणाली, "सगळं छानच होतं."

त्याची बोटं थांबली. बाहेरून बायकोनं हाक मारली, "अहो, येताय ना?"

"आलो," तो म्हणाला. शर्टाचं ते एक बटण तसंच उघडं राहिलं.

तिनं पडदा पुसला, कागद बदलला आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. यंत्र छातीला लावताच निळा लोट उठला. ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"काही आहे का?" रोग्यानं घाबरून विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली आणि हसली.