बायकोलाही मिळतो विमा

अमेरिकेतल्या लिंकन शहरी, कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत नाणं उडलं आणि दोघांच्याही वाट्याला नेमकी नको ती बाजू आली. सरकारनं लोकांच्या खिशात हात घालू नये असं मानणाऱ्या एमेटला ‘सगळ्यांचे औषधोपचार सरकारी खर्चानं’ हे पटवून द्यायचं होतं. आणि लहानपणापासून इन्सुलिनवर जगणाऱ्या लॉरेलला बाजाराची तळी उचलायची होती! तिनं त्याची अशी पिसं काढली की परीक्षकसुद्धा गालात हसले.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तो कॉफीचे दोन पेले घेऊन तिच्यापाशी आला.

“माझे मुद्दे माझ्यापेक्षा बरे मांडतेस की!”

“आणि तू माझे किती वाईट… शिकवणी घेऊ का तुझी?”

“फी?”

“बाजार ठरवेल,” ती म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

शिकवणी चांगली लांबली — कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, तरी चालूच. कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये चेरी पायची एक बशी, दोन काटे आणि सरकारी खर्चावरून हमरीतुमरी. “लग्न तरी करा, नाहीतर आवाज तरी कमी करा,” वेट्रेस म्हणायची. सरकारला एक डॉलर जास्त द्यायची एमेटची तयारी नव्हती. पण लॉरेलची साखर एकदम उतरली तर असावी म्हणून त्याच्या गाडीत संत्र्याच्या रसाची बाटली कायम असे. तिला सगळं कळत होतं. बोलायचं मात्र त्यानंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मग तिचा सव्विसावा वाढदिवस जवळ आला. तो झाला की तिथल्या नियमानं ती वडिलांच्या आरोग्यविम्यातून बाहेर पडणार होती, आणि पुस्तकाच्या दुकानातल्या तिच्या नोकरीत विमा नव्हता. इन्सुलिन तर रोजचं, आणि महागडं.

“लॉरेल…” एमेट काट्याशी चाळा करत म्हणाला, “आपण लग्न करू या का? म्हणजे — माझ्या कंपनीचा विमा चांगलाय. बायकोलाही मिळतो.”

तिचं काळीज धडधडलं. पण जीभ आधी धावली, सवयच तशी.

“वा रे वा! सरकारनं दिलं तर भीक, आणि नवऱ्यानं दिलं की प्रेम? ज्यांना नवराच मिळत नाही त्यांनी मरायचं? आणि उद्या तुझी नोकरी गेली तर माझं लग्नही गेलं का?”

ती हसत थांबली. आता हा उसळेल, टेबलावर हात आपटेल, म्हणेल — विमा गेला खड्ड्यात, वेडे, मला तू हवी आहेस…

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला आणि त्यानं काटा खाली ठेवला.

इतक्या भांडणांत त्यानं असं कधी मान्य केलं नव्हतं. ती घाबरली. ‘अरे, थट्टा केली’ एवढं म्हणणंही तिला जमलं नाही.

पुढच्याच महिन्यात तिनं शिकागोला विमा असलेली नोकरी धरली. निघायच्या सकाळी तो खोकी उचलायला आला.

“त्या दिवशी वाद का नाही घातलास रे?” तिनं विचारलं.

“वाद जिंकायचा नव्हता गं मला. विमा तर… नुसता धीर यावा म्हणून काढला होता.”

‘मग आत्ता विचार ना!’ — अगदी ओठांवर आलं होतं. मुद्द्यांशिवाय बोलायला ती कधी शिकलीच नव्हती.

“तिकडचा विमा बरा आहे ना?” त्यानं हळूच विचारलं.

“खूप चांगला आहे,” ती म्हणाली, आणि रडू दिसू नये म्हणून तिनं गाडी सुरू केली.