नळीवरचा हात

आमच्या धंद्यात घामट माणसाला जागा नाही. जुन्या बंदुकांचा गंज काढून त्यांना पुन्हा निळसर काळी झिलई चढवायची, तर हात कोरडे हवेत. काहींच्या घामात कसलं तरी विष असतं. त्यांनी धरलेलं पोलाद सकाळी तांबूस दिसतं. माझे हात खडखडीत कोरडे. त्याचा मला गर्व होता आणि ओल्या हाताच्या माणसांची पहिल्यापासून किळस. कुणी हात मिळवला की मी खिशातल्या खिशात रुमालाला बोटं पुसतो. बायको म्हणते, तुम्ही देवाने हात दिला तरी पुसून घ्याल.

म्हणूनच एका बाईंनी आणलेली दुनळी बंदूक मी टेबलावर जुना कागद अंथरून ठेवून घेतली. लाकूड ठीक होतं. नळ्यांवर मात्र, डाव्या हाताने धरतात तिथे, गंजाचा पंजा उमटला होता. नुसता डाग नव्हे. चार बोटं, अंगठा, तळव्याचा फुगवटा. आणि तो ओलसर होता, न वाळलेल्या खपलीसारखा.

"आमच्या ह्यांचा हात," बाई म्हणाल्या. साठीच्या, नीटनेटक्या, बोलताना आपलंच मनगट चोळत होत्या. "ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. घरात जिथे तिथे हा हात होता, दादा. कड्यांवर, चमच्यांवर, माझ्या कपड्यांवर. घासून घासून सगळं काढलं. एवढं राहिलं. विकायला काढली, तर जो येतो तो हातात घेतो आणि तोंड वाकडं करून परत देतो."

"निघेल. गंज आहे, गोंदण नाही."

"निघालाच पाहिजे." त्यांनी पंजाकडे न बघता सांगितलं. "हा घरात आहे तोवर मला घास उतरत नाही."

मी नळ्या सुट्या केल्या, तेलात बुडवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पितळी तारेच्या लोकरीने घासायला घेतल्या. गंजाची भुकटी होते. हा लगदा झाला. चिकट, तपकिरी, हातमोज्याला ओढून धरणारा. त्याला धुतल्याशिवाय पडून राहिलेल्या चादरीचा वास होता, आंबूस, अंगाचा. बायको दारात येऊन नाकाला पदर लावून उभी राहिली.

"काय मेलंय आत?"

"तेल जुनं झालंय," मी म्हणालो. मला तरी दुसरं काय वाटणार?

गंज निघाला. पोलाद पांढरं स्वच्छ झालं. मग आमचं खरं काम. सोडा घालून नळ्या धुवायच्या, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची आणि तिथून पुढे फक्त बुचांनाच धरायचं. उघड्या बोटाचा एक ठसा लागला तर झिलई तिथे बसत नाही. औषध लावून दमट कपाटात ठेवलं की पोलादावर मुद्दाम आणलेला बारीक, मखमली गंज चढतो. तो पाण्यात उकळला की काळा होतो. घासायचा, पुन्हा चढवायचा, पुन्हा उकळायचा. गंजानेच गंजाचा बंदोबस्त.

पहिल्याच उकळीला पाण्यावर फेस आला. पोलाद उकळताना फेस येत नाही. हा पिवळट होता, जाड, मांस शिजताना भांड्याच्या कडेला जमतो तसा. पळीने काढला तर पळीला चरबीचा थर बसला. वाफ माझ्या ओठांना लागली आणि मी अंगणात जाऊन ओकलो.

बुचांतलं तेल असेल म्हणून बुचं बदलली. पाणी बदललं, भांडं बदललं. प्रत्येक फेरीला बाकीची नळी सुरेख काळवंडत गेली. पंजा होता तिथे तेवढा त्याचाच आकार फिका राहिला. फिका म्हणजे पोलादाचा नव्हे, कातडीचा रंग. हातमोज्यातून बोट टेकवलं तर नळी गार आणि पंजा कोमट. मी बोट काढून घेतलं आणि हातमोजा फेकून दिला.

शेवटी तेल चोळायचं होतं. हे तेल कापडाने चोळायचं नाही, अशी आमच्या उस्तादांची शिकवण. उघड्या तळहाताने चोळायचं. हाताच्या उबेने ते पोलादात मुरतं. पंजा तसाच होता, शहाण्याने तेव्हा कापड घेतलं असतं. पण इतक्या वर्षांत मी एकही नळी कापडाने पुरी केली नव्हती. दात आवळून डावा तळहात टेकवला.

तो पंजावर नेमका बसला. बोटावर बोट.

ओढला, तर लगेच सुटेना. जखमेला चिकटलेली पट्टी सोलावी तसा सुटला. खाली नळी निळीकाळी, एकसारखी, नितळ. पंजाचा मागमूस नव्हता. आनंदाने मी चक्क टाळी वाजवली.

टाळीचा आवाज ओला आला.

हात साबणाने धुतले, मग सोड्याने, मग स्पिरिटने. डावा कोरडा होईना. पुसला की पुन्हा दमट. सकाळी पाहिलं तर माझ्या कानशींच्या पात्यांवर, त्या हाताने धरतो तिथे, तांबूस बोटं उमटली होती. मी बायकोच्या हातात कप दिला. तिने आधी कपाचा कान पुसला, मग धरला. ही माझं उष्टं हसत खाणारी बाई.

"अहो, हात धुतलात ना?"

"कातडी जाईपर्यंत."

तिचं सोडा, मला माझा स्वतःचा हात तोंडाजवळ आणवत नव्हता. मी हातमोजे चढवले आणि दुनळी पोचवायला निघालो. निदान ती ब्याद घरातून जाईल असं वाटलं.

बाईंच्या घरी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. त्यांनी नळीवरून बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. मग त्या हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो.

"गेला हो, दादा! खरंच गेला. आज मी पोटभर जेवणार. तुम्हीही दोन घास खाऊन जा."

मी नको म्हटलं. त्या ऐकेनात. टेबलावर समोरासमोर दोन ताटं मांडली.

"आणि हातमोजे घालून जेवणार की काय?"

मी हातमोजे काढले. ओढून बसायला डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

बाईंचं हसू थांबलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. हाताकडे बघत होत्या.

त्यांनी आपलं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. माझं वाढलं. मग माझ्या खुर्चीच्या मागे, भिंतीला लागून, वर्षानुवर्षांच्या सवयीने मान खाली घालून उभ्या राहिल्या.

तुम्हीही बसा ना, असं मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

ती धावतच आत गेली. मी अजून ताटाला हातसुद्धा लावला नव्हता.