तिसरी टाकी

“झाकण उघडायच्या आधी व्होल्टेज उतरवायचं, ईश्वरी. उजेड पडला की नळी जाते.” योगीराजदादांचं हे वाक्य अजून कानात आहे.

पंच्याण्णव साली नेकनूरजवळच्या माळावर आम्ही टाक्या बसवत होतो. आत काळं अस्तर, गाळलेलं पाणी आणि झाकणाला उलटी टांगलेली काचेची नळी. आयात मोकळी झाली म्हणून जपानहून मिळाली. आकाशातला गॅमा किरण हवेवर आदळला की कणांची सर जमिनीवर येते. कण पाण्यातून जाताना क्षीण निळा उजेड पडतो. नळी तो बघते, पडद्यावर रेघ उठते. आराखडा दादांचा, मोजणी माझी. दुपारी पडद्यासमोर बसून मी मनातल्या मनात पंचाक्षरी म्हणायचे. नेम होता तो.

श्रावणात तिसऱ्या टाकीच्या रेघा लयीत यायला लागल्या. चार रेघा, मग खंड. पुन्हा चार.

“उजेड शिरतोय कुठून तरी,” दादा म्हणाले. वर घोंगड्या टाकल्या, नळी बदलली. फरक पडला नाही. मग माझ्या लक्षात आलं. न, म, शि, वा. मी जप थांबवला. रेघा थांबल्या.

राखणीच्या दगडाबाई म्हणाल्या, “रोज ऐकवलं तुमी. शिकायलंय ते. शेवटचं तेवढं येईना त्याला.”

“मनातलं कसं ऐकू जाईल, बाई?”

“ते मला कावून इचारता?”

दादा हसले. “लई हुशार टाकी हाय बुवा! उतरूनच बघतो.”

व्होल्टेज उतरवलं. झाकण काढलं, तार सोडवून नळी बाजूला ठेवली. दादा शिडीवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरले.

थोड्या वेळानं हाक मारली. ओ आली नाही.

दगडाबाईंनी विजेरी मारली. पाणी हलत नव्हतं. आत कुणीच नव्हतं.

मागे पडद्यावर रेघ उठली. तार तर मोकळी लोंबत होती. चार रेघा. खंड. पुन्हा चार, आता घाईघाईनं.

मी काठावर वाकले. “त्यांना सोडा,” हळूच म्हणाले. “राहिलेलं अक्षर मी येऊन शिकवते. शब्द देते.”

दादा शिडी चढून वर आले.

कपडे कोरडे. डोळे उघडे, पण बघत नव्हते.

“चला ताई,” दगडाबाई पुटपुटल्या. “जितं माणूस मिळालंय. पळा आता.”

पडद्यावर रेघ उठली. दादांची छाती हलली. चार रेघा, चार श्वास. मग खंड पडला. दादांचे ओठ निळे व्हायला लागले.

मी पदर खोचला आणि शिडीवरून पाय खाली सोडला. पाणी कोमट होतं, कुणाच्या तोंडात असावं तसं.